ओलीची घट

आयर्विनला पाणी उतरायला लागलं,
त्याच्या चौथ्या दिवशी शेठचा फोन आला.
पाच तारीख. फोन वेळेवरच होता.

"मालन, घर आहे ना जागेवर?"
"आहे शेठ."
"मग भाडं?"

घर जागेवर आहे.
स्विचबोर्डाच्या वर चार बोटं
नदीनं रेघ मारलीय, पट्टी धरून मारावी तशी.
दोन्ही खोल्या फिरून ती परत दाराशी येते.
रेघेखालची भिंत हात लावला की पिठासारखी निघते.
फरशीवर पाय पडला की खालून कोणीतरी चूळ भरतं.
गाळाच्या चौदा पाट्या काढल्या,
पंधरावीत पोरीचा एक बूट सापडला. दुसरा नाही.
निजतो आम्ही मिरजेला, नणंदेच्या गॅलरीत.
वरच्या रेहानाभाभींकडे पाणी पोचलंच नव्हतं,
पण जिन्याच्या खालच्या तीन पायऱ्या गेल्या.
त्या शिडी लावून घरी जातात.
फोन त्यांनाही आलाय.

नऊ वर्षं मी भूपालशेठच्या अडतीत
हळदीच्या पट्ट्या लिहिते.
डावीकडे पोती, उजवीकडे वजन,
खाली लाल शाईनं घट.
शेठ ढिगातलं एक हळकुंड उचलतात,
कानाजवळ नेऊन मोडतात.
टक्क वाजलं तर वाळलेलं.
न वाजता नुसतं वाकलं, तर
माझ्याकडे न बघता म्हणतात,
"ओल आहे. क्विंटलला चार किलो लाव."
बेडगचा माणूस हात जोडतो,
पंधरा दिवस उन्हात होती हो शेठ.
"उन्हाचं मला सांगू नको.
मी पाण्याचे पैसे देत नसतो."
मी लिहिते, चार किलो.
इतक्या वर्षांत जेवढं पाणी मी वजा केलं
त्यात एखादी विहीर भरली असती.

कोर्टाबाहेर टाइपिंग करणारे तावदरे म्हणाले,
तुमच्या करारात पूर हा शब्दच नाही,
पण घर राहण्याजोगं ठेवणं मालकाकडे लागतं.
लेखी द्या. तोंडी बोललेलं वाहून जातं.

मला लेखी एकच येतं.
म्हणून पट्टी केली.

घर एक. खोल्या दोन, मोरी एक.
भाडं सहा हजार पाचशे.
वजा: पुढची खोली, सगळी.
वजा: स्वयंपाकघर, अर्धं. कट्टा दगडाचा, तो राहिला.
वजा: वीज. मीटर अजून ठिबकतोय.
वजा: रात्री.
रात्रीला काय दर लावायचा ते कळेना,
तो रकाना मोकळा ठेवला.
जमा: पत्ता.
शाळेत, रेशनवर, गॅसच्या पुस्तकात तोच आहे.
पत्त्याचे पैसे द्यायला मी तयार आहे.
बाकी देणे अकराशे रुपये,
भिंत वाळेपर्यंत.

सौदा उरकल्यावर पट्टी त्यांच्यापुढे ठेवली,
वर भिंतीचा एक टवका, वजन म्हणून.
शेठनी सवयीनं तो उचलला,
सवयीनं कानाजवळ नेला
आणि दोन बोटांत दाबला.

वाजला नाही.

हमाल हसायचे थांबले.
शेठची बोटं करडी झाली होती,
ती त्यांनी गादीला पुसली.
"ही हळद नव्हे, मालन."
"ओल आहे," मी म्हणाले.

पट्टी त्यांनी फाडली नाही. सहीही केली नाही.
चष्म्याच्या डबीखाली सरकवली
आणि पुढचं पोतं फोडायला सांगितलं.
त्यातलं हळकुंड वाकलं.
मी लाल पेन धरून थांबले.
शेठनी आज पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं,
मग त्या बेडगच्या माणसाकडे,
आणि म्हणाले, "दोन लाव."

माझ्या घराचं काहीच बोलले नाहीत.

संध्याकाळी उरलेला गाळ काढायला गेले
तर रेहानाभाभी वरून वाकून म्हणाल्या,
माझीबी एक लिहून दे की गं, जिन्याची.
पायऱ्या किती, मी विचारलं.
सतरा होत्या, तीन वजा.
मी लिहायला लागले
आणि शिडीपाशी अडले:
ती त्यांनी स्वतःच्या पैशानं आणली होती,
ती कुठल्या बाजूला धरायची?